जूनचं दोन फूट पाणी ऑक्टोबरात सात फूट असतं

हस्त कोरडा गेला की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या तलावांच्या पाळीवर माणसं जमायला लागतात. धान पोटरीवर, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात आलेला असतो, बांधीतलं (धानाच्या वाफ्यातलं) पाणी आटून चिखलाला भेगा पडत असतात आणि समोर तलावात पाणी चमकत असतं. शेतकरी म्हणतो, तुडुम (पाणी सोडायचं दार) उघडा. ढीवर, म्हणजे तलावात मासे धरणारा, म्हणतो, एवढं सोडलं तर उन्हाळ्यात मासा जाईल कुठे? गुराख्याला आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायांना कोणी विचारत नाही. काठच्या देवधानात (रानटी धानात) फिरणाऱ्या कमळपक्ष्याच्या बाजूने बोलणारं तर कोणीच नसतं.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण दोघंही डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याकडे बघून भांडतात, आणि इथेच घोळ होतो. तलावाचं पाणी नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही. ते कसं मोजायचं, कुणासाठी किती ठेवायचं आणि ठेवलेलं पाणी कुठून निसटतं, हे या लेखात सविस्तर मांडतो. उदाहरण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्व भागातल्या मामा तलावांचं आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव या पट्ट्यात आहेत. बरेचसे गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाकडे निस्तार हक्क, म्हणजे गुरांना पाणी, मासेमारी अशा रोजच्या वापराचे हक्क, राहिले. सिंचनक्षेत्र १०० हेक्टरपर्यंत असलेले तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत.

तलावाची रचना आधी नीट समजून घेऊ. खालच्या अंगाला मातीची पाळ. पाळीच्या एका टोकाला सलंग, म्हणजे भरून वाहणारं पाणी बाहेर जाण्याची जागा. पाळीच्या पोटात तुडुम. जुना तुडुम म्हणजे दगडी उभा हौद. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला लाकडी डाट. आधी वरचं भोक उघडायचं, पाणी त्याच्या खाली गेलं की त्याच्या खालचं. सगळ्यात खालचं भोक तलावाच्या तळापासून हात-दीड हात वर ठेवलेलं असे. त्या भोकाखालचं पाणी पाटात येऊच शकत नसे. ते गुरांचं, माशांचं, गावाचं. कुठलाही नियम कागदावर न लिहिता तो दगडात बसवलेला होता.

दुरुस्तीत बऱ्याच ठिकाणी हा तुडुम काढून तळाशी एकच लोखंडी दार बसवलं गेलं. स्क्रूचा दांडा गंजला की दार अर्धवट उघडं अडकतं आणि तलाव महिनाभर गळत राहतो. दार नीट चाललं तरी ते तळाशी असल्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत पाणी काढता येतं. दुरुस्तीचं अंदाजपत्रक तयार होत असेल तेव्हा ग्रामसभेने एकच गोष्ट पकडून ठेवावी: दाराचा उंबरठा तळापासून किमान ६० सेंटीमीटर वर हवा. पुढे दहा वर्षं भांडत बसण्यापेक्षा हे सोपं आहे.

आता हिशेब. समजा तलाव भरल्यावर पाणी १२ हेक्टरवर पसरतं आणि पाळीजवळ सगळ्यात खोल ठिकाणी ३ मीटर पाणी आहे. पसारा मोजायला मोबाइलवरचं क्षेत्र मोजणारं ॲप पुरतं. तलाव भरलेला असताना काठाकाठाने चालत फेरी मारायची. खोली मोजायला डोंगा आणि खुणा केलेला बांबू. पाळीपासून वरच्या टोकापर्यंत दर वीस मीटरला बांबू टाकायचा आणि आकडा लिहायचा. अशा बशीसारख्या तलावाचं पाणी काढायचं ढोबळ सूत्र आहे: पसारा गुणिले सगळ्यात जास्त खोली गुणिले ०.४. म्हणजे १,२०,००० चौरस मीटर × ३ × ०.४ = १,४४,००० घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तेव्हा हे साडेचौदा कोटी लिटरच्या आसपास झालं.

पुढचा भाग फार कमी लोकांच्या लक्षात येतो. तलाव वर रुंद आणि खाली चिंचोळा असतो, म्हणून प्रत्येक फुटातलं पाणी सारखं नसतं. याच तलावात ३ मीटरवरून पाणी अडीच मीटरवर उतरलं तर सुमारे ५३ हजार घनमीटर गेलेलं असतं. अडीचवरून दोनवर आलं की आणखी ३९ हजार. दोन मीटरला ५२ हजार शिल्लक, दीड मीटरला २५ हजार आणि शेवटच्या एका मीटरात फक्त ९ हजार. वरचा अर्धा मीटर आणि खालचा एक मीटर यांची तुलनाच होत नाही. धानाला लागणारं पाणी वरच्या थरात आहे. खालच्या मीटरातून धानाचं फारसं भलं होत नाही, पण मासा, म्हैस आणि पाणवनस्पतींची मुळं त्याच्यावरच उन्हाळा काढतात.

धानाला किती लागतं तेही बघू. बांधीत एक पाणी द्यायचं म्हणजे ७ सेंटीमीटर. मातीच्या पाटात तीसेक टक्के मुरतं, फुटतं, वाटेत पळवलं जातं. म्हणजे तलावातून १० सेंटीमीटर निघालं पाहिजे, हेक्टरी हजार घनमीटर. तलावाखाली ४० हेक्टर असेल तर एका पाण्याला ४० हजार. धान पोटरीवर असताना एक आणि निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) एक अशी दोन पाणी दिली की ८० हजार गेले, ६४ हजार उरले. खोली राहते सुमारे २.१७ मीटर, म्हणजे सात फूट. तारीख समजा ३१ ऑक्टोबर.

सात फूट पाणी बघून कोणीही म्हणेल, तलाव तर अजून भरलेला आहे, तिसरं पाणी द्यायला काय हरकत? हरकत उन्हाची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत रोज साधारण ३ मिलिमीटर पाणी हवेत जातं, म्हणजे ३६ सेंटीमीटर. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत सरासरी ८ मिलिमीटर धरा. मे महिन्यात तर त्याहून जास्त. ते झाले ८५ सेंटीमीटर. जुन्या, गाळ बसलेल्या तळातून रोज दीड मिलिमीटर मुरतं, साडेसात महिन्यांत ३४ सेंटीमीटर. सगळं मिळून दीड मीटरच्या वर. २.१७ मधून १.५६ गेले, उरले ६१ सेंटीमीटर. ऑक्टोबरातलं सात फूट पाणी जूनमध्ये दोन फूट असतं.

तिसरं पाणी दिलं तर? ३१ ऑक्टोबरला २४ हजार घनमीटर, खोली १.४६ मीटर. मार्च उजाडताना तीन फूट. एप्रिल संपताना फूटभर, आणि तेही तापून कोमट झालेलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, गुरं तळ ढवळतात, चिखल वर येतो आणि एखाद्या पहाटे मासे तोंड वर काढून मरायला लागतात. पहाटेच का, तर रात्रभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरतात, बनवत नाहीत; उजाडण्यापूर्वी तो सगळ्यात कमी असतो. जूनच्या सुरुवातीला तलाव कोरडा.

म्हणून पाण्याची वाटणी उन्हाळ्यात करता येत नाही. ती दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत होते किंवा होतच नाही. पाळीजवळ खोल जागी सिमेंटचा खांब रोवा, तळापासून दर दहा सेंटीमीटरला रंगाची खूण करा आणि वर काढलेल्या आकड्याप्रमाणे एक जाड लाल पट्टा मारा. या तलावासाठी तो २.१७ मीटरवर येईल. तुमच्या तलावाचा आकडा वेगळा असेल, पण रीत हीच: जूनमध्ये किती हवं ते ठरवा, त्यात उन्हाळ्याचं बाष्पीभवन आणि मुरणं मिळवा, तो आकडा ऑक्टोबरअखेरचा. पाऊस पंधरा दिवस लांबला तर आणखी बारा-पंधरा सेंटीमीटर जातात, म्हणून थोडं वर धरलेलं बरं.

हे थोडं वर धरणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. तलावाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की दोन दिवसांत तलाव भरतो, बाकीचं पाणी सलंगावरून निघून जातं आणि पुढचा महिना कोरडा जातो. पूर्वा, उत्तरा, हस्त ही नक्षत्रं तलावाला पुन्हा काठोकाठ आणून सोडत. ती खात्री गेली. त्यामुळे १५ ऑगस्टपासून दर आठवड्याला खांबाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. ऑक्टोबरात अचानक धक्का बसत नाही आणि भांडण निम्मं होतं.

तिसरं पाणी न देता धान कसा वाचवायचा, हा प्रश्न उरतोच, आणि शेतकऱ्याला त्याचं उत्तर दिल्याशिवाय त्याने लाल पट्टा मानावा ही अपेक्षा चुकीची आहे.

पहिली गोष्ट वेळेची. पाटात किती पाणी चाललंय ते मोजा. पाटाची रुंदी ६० सेंटीमीटर, पाण्याची खोली २५, आणि पाण्यात टाकलेली अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली १० मीटर जायला २५ सेकंद घेते असं समजा. वेग सेकंदाला ०.४ मीटर. काठाला आणि तळाला पाणी हळू चालतं म्हणून ०.८ ने गुणायचं. ०.६ × ०.२५ × ०.४ × ०.८ म्हणजे सेकंदाला ४८ लिटर, दिवसरात्र चाललं तर सव्वाचार हजार घनमीटरच्या जरा आत. ४० हेक्टरचं एक पाणी पुरं व्हायला साडेनऊ-दहा दिवस लागतात. म्हणजे सगळ्या बांध्यांना भेगा पडल्यावर तुडुम उघडला तर शेवटच्या बांधीला पाणी दहाव्या दिवशी मिळणार आणि तोवर तिथला धान पळंज (पोचट) होणार. पाणी कमी पडलं असं सगळे म्हणतात, खरं तर उशीर झालेला असतो. खांबाचा आकडा आणि आभाळ बघून आठवडाभर आधी सुरुवात करा, आणि पाणी पाटाच्या शेपटापासून, म्हणजे शेवटच्या बांधीपासून, वर द्या. तुडुमाजवळच्या बांधीवाल्याला पाणी दिसत असतं, त्याला धीर धरता येतो. शेपटाकडच्याला धरता येत नाही.

दुसरी गोष्ट पाटाची. आठ-दहा माणसं दोन दिवस राबली तर पाटातलं गवत, उंदरांची बिळं, फोडलेल्या जागा नीट होतात. तीस टक्के नुकसान वीसवर आलं तर एका पाण्यामागे पाच हजार घनमीटर वाचतात. खालच्या मीटरात साठणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त झालं हे.

तिसरी बांधीतली. ३० सेंटीमीटर लांबीची, बोटभर भोकं पाडलेली प्लॅस्टिकची नळी निम्मी जमिनीत गाडायची आणि आतली माती काढून टाकायची. नळीतलं पाणी जमिनीच्या पातळीपासून १५ सेंटीमीटर खाली गेलं की मगच पुढचं पाणी. वरून बांधी कोरडी दिसली तरी मुळांना पाणी असतं, हे नळीत डोकावल्यावर पटतं. यात १५ ते ३० टक्के पाणी वाचतं. फक्त धान निसवायला लागला की दोन आठवडे हे थांबवून बांधीत पाणी उभं ठेवायचं, तिथे काटकसर केली तर दाणा भरत नाही. आणि ज्यांच्या जमिनी उंचावर, हलक्या आहेत त्यांनी भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या धानाचा हट्ट सोडावा. हलका, म्हणजे लवकर येणारा धान हस्तापर्यंत निसवून गेलेला असतो, त्याला दुसऱ्या पाण्याची गरज बहुतेक वर्षी पडत नाही.

उन्हाळी धानाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणं हा गावावरचा अन्याय आहे. हेक्टरी पंधरा हजार घनमीटर धरलं तर चार हेक्टरचा उन्हाळी धान ६० हजार पितो, म्हणजे आपल्या उदाहरणातलं उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. चार हेक्टरच्या मालकांसाठी चाळीस हेक्टरवाल्यांची गुरं, ढिवरांचा मासा आणि विहिरींचं झिरपणारं पाणी जातं. बऱ्याचदा हे तुडुमातून होतही नाही. तलावाच्या पोटात मोटारी बसतात आणि त्यांना उंबरठा वगैरे काही लागू नसतो. सेकंदाला १५ लिटर ओढणारी मोटार आठ तास चालली की ४३२ घनमीटर. अशा तीन मोटारी चाळीस दिवस चालल्या तर ५० हजारांवर गेले. तुडुमाला कुलूप लावून उपयोग नाही, ठराव मोटारींबद्दल हवा. उभ्या धानात, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओल असताना उतेरा पद्धतीने लाखोळी किंवा जवस फेकलं तर वेगळं पाणी न देता दुसरं पीक निघतं. पैसा उन्हाळी धानाइतका नाही, हे मान्य. पण ते तलाव न आटवता येतं.

मासे आणि पाणवनस्पती

ढिवरांची बाजू म्हणजे तलावाची बाजू, असंही सरसकट नाही. ठेक्यावर घेतलेल्या तलावात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं जातं. हे मासे साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत, बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मग एप्रिलमध्ये पाणी कमी झालेलं ढिवरांच्या सोसायटीलाही सोयीचं वाटतं, जाळं ओढायला सोपं जातं. त्याउलट मरळ, शिंगूर, वाघूर, काटवा, दाडक हे इथलेच मासे. ते तलावातच वाढतात, तिथेच अंडी घालतात, बीजाचा खर्च नाही. मरळ तर जिवंत विकला जातो आणि भाव चांगला मिळतो. पण त्यांना दोन गोष्टी हव्यात: उन्हाळाभर टिकणारं थोडं खोल पाणी, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला गवता-वनस्पतींनी भरलेला उथळ काठ.

वनस्पती कशाने गेल्या ते बघा. गवत्या मासा सोडला की तो हायड्रिला आणि बाकीच्या बुडालेल्या वनस्पती खाऊन फस्त करतो. सायप्रिनस हा मासा तळ उकरतो, मुळं सुटतात, पाणी गढूळ राहतं आणि खाली ऊन न पोहोचल्याने नवीन काही उगवत नाही. रिकाम्या काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती पसरते. तिच्या दाट झुडपात ना मरळ अंडी घालतो, ना पक्ष्यांना खाणं मिळतं.

बेशरम काढायची वेळ एप्रिल-मे, काठ कोरडा असताना. कोयत्याने कापून सोडली तर पावसात दुप्पट येते, कारण फांदीचा प्रत्येक तुकडा रुजतो. मुळासकट खणायची, तलावाच्या बाहेर उंचावर नेऊन वाळवायची आणि जाळायची. पाळीच्या उतारावरची खणून काढू नका, पाळ मोकळी होते. तिथे बुडापासून कापत राहायचं आणि तिची जागा घ्यायला गवत वाढू द्यायचं. पुढच्या दोन वर्षी पुन्हा एकेक फेरी लागते. पहिल्याच वर्षी फोटो काढून काम संपलं म्हणणाऱ्या गावांत तिसऱ्या वर्षी बेशरम परत असते.

मोकळ्या झालेल्या तळावर मृगाच्या आधी हलकी नांगरट करावी. तलावात गुडघाभर पाणी आलं की शेजारच्या चांगल्या तलावातून हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया यांचे जुडगे ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचे, चिकणमातीच्या गोळ्यात बुडाकडचा भाग दाबायचा आणि हात-दोन हाताच्या अंतराने पाण्यात सोडायचे. काठाच्या बाजूला देवधान आणि पाणगवत, त्याच्या आत कुमुदिनी. कमळ आवर घालूनच ठेवावं; एक तृतीयांश पाण्यापलीकडे गेलं की त्याच्या पानांखाली अंधार होतो. जुडगे आणताना जलपर्णीची एखादी फुटवी त्यात येत नाही ना, हे हाताने एकेक चाळून बघा. एवढ्या एका दुर्लक्षाने तलाव जातो. पहिली दोन वर्षं गवत्या आणि सायप्रिनसचं बीज सोडायचं नाही, हे सोसायटीशी आधी ठरवून घ्यावं. ठेक्याची रक्कम तीच ठेवून उत्पन्न घटवायला सांगणं बरोबर नाही. या दोन वर्षांत ग्रामपंचायतीने बीजाऐवजी वनस्पती-लागवडीच्या मजुरीचा भार उचलावा. आणि मृगापासून पुनर्वसूपर्यंत सलंगावर आणि वरच्या ओढ्यात बांबूची दाट आडोशी लावू नये. पहिल्या पुरात मासा अंडी घालायला वर चढतो, तोच पकडला तर पुढचं काय. सलंगाखाली सिमेंटची सरळ उभी पायरी असेल तर मासा चढूच शकत नाही. तिथे मोठ्या दगडांचा सपाट उतार रचला, एका फुटाला दहा फूट, तर काम होतं.

गाळ

२०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत बरेच तलाव उपसले गेले. गाळ काढायलाच हवा. पण जेसीबी तलावात उतरला की तो खड्डा खणतो, तलाव खणत नाही. पाळीच्या बुडाशी खणलं तर पाळ बसते किंवा खालून पाझर लागतो. बुडापासून किमान दहा मीटर सोडा. काळ्या चिकणमातीचा थर फोडून खाली मुरूम किंवा रेती लागली की थांबा, कारण तो थरच तलावाचं भांडं आहे. मुरणं दीडवरून साडेचार मिलिमीटरवर गेलं तर साडेसात महिन्यांत ६८ सेंटीमीटर जास्त जातात. आपले जूनचे ६१ सेंटीमीटर आठवा. खोल केलेला तलाव आधी आटला, अशी तक्रार ऐकू येते तिचं कारण हे असतं.

एका वेळी दोन-तीन फुटांपेक्षा जास्त काढू नये. दरवर्षी तलावाचा एक तृतीयांश भाग घ्यायचा, बाकी तसाच ठेवायचा. वनस्पतींचे कंद आणि बिया त्याच गाळात असतात. वरच्या अंगाचा उथळ काठ अजिबात खणायचा नाही. उभ्या कडा ठेवल्या तर म्हशी अडकून मरतात, म्हणून उतार तीनास एक. शेतात ३ सेंटीमीटर गाळ पसरायला हेक्टरी ३०० घनमीटर लागतो, ट्रॅक्टरच्या शंभरएक ट्रॉल्या. आधी थोडा गाळ तपासून घ्या. भारी काळ्या जमिनीवर भारी गाळ टाकून पाणी तुंबवून घेण्यात अर्थ नाही, तो हलक्या, मुरमाड जमिनीसाठी.

काठावरचे पक्षी

सारस महाराष्ट्रात आता गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर याच जिल्ह्यांत उरला आहे, आणि संख्या पन्नासही भरत नाही. त्याच्या संवर्धनाचा प्रश्न २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून हाती घेतला. सारस घरटं करतो पावसाळ्यात, बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ टोकाला. काड्या-गवताचा ढीग, त्यावर बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवण. या महिन्यात पाणी अचानक एक फूट चढलं की अंडी गेली. सप्टेंबरात पाऊस थांबेल म्हणून सलंगावर रेतीची पोती रचून पातळी वाढवतात, नेमकं तेव्हा हे होतं. पातळी वाढवायचीच असेल तर जुलैच्या सुरुवातीलाच, घरटी होण्याआधी वाढवावी, किंवा रोज बोटभर अशी हळू. पक्षी घरट्यावर काड्या रचून ते वर घेतो. बांधीत घरटं असेल तर दोन-तीन मीटरचा तुकडा रोवणीतून आणि फवारणीतून सोडायचा. त्या तुकड्यातल्या धानाचे पैसे गावाने त्या शेतकऱ्याला रोख द्यावेत. काही किलो धानाचा प्रश्न आहे, पण तो एकट्याच्या अंगावर टाकला की घरटं टिकत नाही.

फवारणीचं पाणी कुठे जातं हेही बघायला हवं. इथले तलाव साखळीत आहेत. वरच्या गावच्या बांध्यांतून निघालेलं पाणी खालच्या गावच्या तलावात येतं. फवारणीनंतर चार-पाच दिवस बांधीच्या धुऱ्याची तोंडं बंद ठेवली तर पुढच्या गावाचा मासा वाचतो. साखळीमुळे आणखी एक होतं: वरच्या गावाने सलंग उंचावला की खालचा तलाव उशिरा भरतो. लाल पट्ट्याचा ठराव शक्यतो साखळीतल्या सगळ्या गावांनी एकत्र बसून करावा.

कायद्याचा आधार किती, हे विचारलं जातं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत, त्यामुळे त्या दारावर जाऊन हाती काही लागत नाही. मामा तलावात साडेतीनशे-चारशे वर्षांत मुरलेलं जीवन कायद्याच्या नजरेत नुसतं सिंचनाचं बांधकाम आहे, याचं वाईट वाटतं. पण दुसरी दारं उघडी आहेत. गावाचा निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसील कार्यालयातून काढून घ्या. गुरांना पाणी, मासेमारी, वाट यांचे हक्क त्यात लिहिलेले असतात. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि जलाशयांतल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा लहान जलाशयांचं नियोजन पंचायतीकडे देतो. ग्रामसभेचा ठराव यांपैकी जे लागू असेल त्याचा उल्लेख करून लिहावा आणि त्यात आकडे असावेत. 'पाण्याचा जपून वापर करावा' अशा ठरावाचा उपयोग होत नाही. खांबावर अमुक मीटरच्या खाली तुडुम बंद, तलावाच्या पोटात मोटार नाही, गवत्या आणि सायप्रिनसचं बीज नाही, गाळ वर्षाला एक तृतीयांश, सलंगाची उंची अमुक, असं लिहावं. डाटाची किंवा चाकाची किल्ली तिघांकडे: एक शेपटाकडचा शेतकरी, एक ढीवर सोसायटीचा, एक बचत गटातली बाई. तुडुमाजवळच्या शेतकऱ्याकडे ती देऊ नये.

गोसीखुर्द धरणाचे कालवे, वैनगंगा-नळगंगा नदीजोड यांची चर्चा जोरात आहे. त्यातून ज्या गावाला पाणी येईल त्याला येईल. तुमच्या तलावाचा खांब मात्र या मे महिन्यात, तळ उघडा असतानाच रोवावा लागेल. दोन पोती सिमेंट, तीन पोती रेती, चार सळया आणि एक दिवस. नंतर पाणी भरलं की पुन्हा वर्षभर थांबावं लागतं.